पाच वर्षांचे कलम

या वर्षी मुंबई सरकारने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. तेव्हापासून आमच्या चिकोडीच्या वाचनालयाच्या बाकावर रोज त्यावरून वाद झडतो. एक पक्ष म्हणतो धर्म बुडाला, दुसरा म्हणतो बाई सुटली. मी दोघांचेही ऐकतो आणि गप्प बसतो. तेहतीस वर्षे कचेरीच्या ओसरीवर बसून मी नवराबायकोंच्या सोडचिठ्ठ्या लिहिल्या. त्या काळात कायद्याने आम्हाला कधी विचारले नाही आणि आम्हीही कायद्याला विचारायला गेलो नाही. आता संपादकांचे पत्र आले, की तुमच्या धंद्यातले काही दिवाळी अंकासाठी लिहा. दुसऱ्याच्या तोंडचे लिहिण्यात माझा जन्म गेला, स्वतःचे लिहायची हाताला सवय नाही. तेव्हा मध्येच कुठे दस्तातले 'लिहून देतो ऐसाजे' आले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ओसरीवर आम्ही पाचजण दस्त लिहिणारे बसत असू. अंगाखाली सतरंजी, पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, दऊत आणि बोरू, एवढीच आमची इस्टेट. खेड्यातला माणूस उकिडवा बसून आपले म्हणणे सांगायचा. अर्धे मराठीत, अर्धे कानडीत, आणि त्यातले निम्मे भावकीला घातलेल्या शिव्या असायच्या. त्यातून आम्ही कामाचे तेवढे वेचून मोडीत उतरवायचो. मग मोठ्याने वाचून दाखवायचे आणि निशाणी घ्यायची. शेतकरी निशाणीला नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची, म्हणजे एक वेडेवाकडे गोल. पुढे अंगठ्याची शाई आली आणि हे नांगर आणि बांगड्या गेल्या. मला अजून चुकल्यासारखे वाटते.

सोडचिठ्ठीची रीत अशी. ज्या जातींत बाईचा पाट लागतो, म्हणजे दुसरे लग्न होते, त्यांच्यात काडीमोडही होते. ज्यांच्यात पाट नाही त्यांच्यात बाई जन्मभर कुढते आणि लोक तिला सोशीक म्हणतात. काडीमोड व्हायची तर पंच बसतात, दोघांचे ऐकतात, आणि पटले तर नवऱ्याच्या हातात गवताची काडी देतात. त्याने ती मोडून दोन तुकडे दोन बाजूंना टाकले की संसार संपला. कागद त्यानंतरचा. कागदाने काही मोडत नाही, मोडलेले फक्त लिहून ठेवले जाते.

त्यात गमतीही पुष्कळ. काकतीकडचा एक गडी सोयरीक इकडची म्हणून आमच्याकडे आला होता. बायकोचे सात गुन्हे कागदात घालाच म्हणून तो हट्ट धरून बसला. पहिला गुन्हा भाकरी जाड करते. मी सांगितले, बाबा, सोडचिठ्ठीत कारण लिहीत नाहीत, 'उभयतांचे आपसात पटत नाही' एवढेच लिहितात. तो म्हणाला, "मग मला काय चव आली?" दुसरे एक जोडपे काडी मोडून, निशाण्या करून गावाकडे निघाले. दोघांना मिळून बैलगाडी एकच होती. वाटेत काय बोलणे झाले कोण जाणे, आठ दिवसांनी दोघे हसत परत आली आणि म्हणाली, अण्णा, लिहिलेले परत घ्या. जोडून देण्याचा मायना माझ्याकडे नव्हता. मी म्हटले, कागद चुलीत घाला आणि त्यावर चहा करून प्या.

मायना म्हणजे दस्ताचा ठरलेला मजकूर. माझे वडीलही याच ओसरीवर बसत. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली मायन्यांची एक वही मला दिली होती. खरेदीखत कसे, वाटणीपत्र कसे, दत्तकपत्र कसे, सोडचिठ्ठी कशी, सगळे तिच्यात होते, फक्त नावे-गावे भरायची. त्या वहीचा मला फार अभिमान होता. माझा सोडचिठ्ठीचा कागद पानसुपारी चघळून संपायच्या आत तयार व्हायचा, आणि बाकीच्या चौघांना ते जमत नसे. कारण न लिहिण्याची शहाणीवही त्याच वहीतली. बाईचा पुढे पाट लावायचा झाला तर तिच्या कागदावर डाग नको, असे वडील म्हणत.

आता ज्या प्रकरणासाठी हे सारे लिहायला घेतले ते सांगतो.

सदलग्याजवळच्या एका गावातून पाटलांचा निरोप आला, की उद्या पंच बसणार आहेत, लिहायला या. गावचे पाटील आदगोंडा आप्पा. जैन माणूस, घरची मोठी शेती, बोलताना कधी मराठीतून कानडीत शिरतील त्यांचे त्यांनाही कळत नसे. प्रकरण त्यांच्या जातीचे नव्हते, पण गावात त्यांच्याशिवाय कुठलाही निवाडा पुरा होत नसे. मी पहाटे गाडी जुंपवून निघालो आणि उन्हे चढायच्या आत पोचलो. चावडीपुढच्या पिंपळाच्या पारावर पाच पंच, पाटील आणि गावातली रिकामी माणसे जमली होती.

बाईचे नाव हौसा. वय विशीच्या आत-बाहेर. तिचा नवरा मारुती, दोन वर्षांनी मोठा असेल. हौसाचे माहेर याच गावचे, पण दोघे निपाणीला राहत. मारुती तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा. एकदा कमरेत उसण भरली ती गेलीच नाही. कुणीतरी सांगितले, थोडी अफू घे, दुखणे पळेल. दुखणे पळाले की नाही ठाऊक नाही, अफू मात्र राहिली. मग काम सुटले. हौसा त्याच वखारीत तंबाखू निवडायला जाऊ लागली आणि मारुती घरी बसून पोर सांभाळू लागला. पोर म्हणजे दीड वर्षाची चंपा. ती त्या वेळी हौसाच्या कडेवर होती. डोक्याच्या मानाने अंग अगदी बारीक, डोळे अर्धे मिटलेले.

हौसा उभी राहिली आणि बोलली. आवाज चढवला नाही.

"पंचांनी ऐकावं. मी सकाळच्याला वखारीला जायची, पोर याच्यापाशी. परत यायची तवा पोर निजल्याली. पहिल्यांदा म्हटलं, बरं हाय, बापानं निजीवली. मग एक दिस हाक मारली, हलीवली, डोळं उघडंना. ओठ निळं पडलंतं. दवाखान्यात पळत न्हेली. डागतर म्हणला, आणि जरा उशिरा आली असतीस तर पोर न्हाय, मढं आणलं असतंस. मला याच्यापासनं सोडवा. मला काय बी नको, पोर घिऊन माहेरात ऱ्हाते."

बाहेरच्या वाचकाला वाटेल की आता पंच खवळून उठले असतील. तसे झाले नाही. तान्ह्या पोराला बाळगोळी देणे हा त्या काळी गुन्हा नव्हता, घरोघरची रीत होती. अफूचा कण, त्यात जायफळ, वेलदोडा, कुणी कुणी आणखी काही घालीत. पोर रडत नाही, आई कामाला मोकळी होते. माझ्या घरातही थोरल्या मुलीला दिलेली आहे आणि मी ती देताना पाहिली आहे. नवरा दारू पिऊन मारतो म्हटले असते तर पंचांना लगेच समजले असते. अफूने पोर निजवले, यात तक्रार काय, हेच त्यांना उमगेना.

एक म्हातारे पंच म्हणाले, "अगं, बाळगोळी कोण देत न्हाय? आमच्या आयांनी आम्हास्नी दिलती. आम्ही काय मेलो?"

मारुती पायरीवर बसला होता. तो मान वर करून म्हणाला, "हिनंच शिकीवलं. पहिली गोळी हिनंच दिलती. विचारा तिला."

सगळ्यांनी हौसाकडे पाहिले. मला वाटले, आता ही नाही म्हणणार.

"व्हय," ती म्हणाली. "मीच दिलती. मोहरीएवढी. वखारीतल्या समद्या बाया देत्यात. पोर रडलं तर मुकादम कामावरनं काढतोय. पर ह्यो दिसातनं चारदा देतोय. सोताला घेतली की तिला देतोय. तिचं रडणं याला सोसत न्हाय."

"मग कुणाला सोसतंय?" म्हातारे पंच म्हणाले आणि दोघे-तिघे हसले. प्रकरण तिथेच निकालात निघायचे होते. पंच आपसात कुजबुजू लागले, की दोघांना समज देऊन नांदायला लावावे. हौसा पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेत होती. पाटलांना तिची दया आली असावी. ते सहज म्हणाले, "मारुती, जरा घे रं पोरीला. ती बी दमली असंल, बसू दे तिला घटकाभर."

हौसाने पोर बापाच्या मांडीवर दिली. आणि मांडीवर टेकताक्षणी त्या पोरीने तोंड वर करून मोठा आ केला.

मारुतीचा हात आपोआप कमरेच्या चंचीकडे गेला. चंचीची दोरी सैल केली, बोट आत घातले, आणि मग त्याच्या ध्यानात आले की सगळा गाव आपल्याकडे पाहतो आहे. हात तसाच राहिला. पोर मात्र आ करून बसली होती, मिटेना. मग ती रडू लागली. ते रडणेही बारीक होते.

म्हाताऱ्या पंचांनी खाली पाहिले. आदगोंडा आप्पा म्हणाले, "साकु." म्हणजे पुरे. "साकु, साकु. आता कुणी बोलू नका. काडी आणा."

मारुतीने काडी हातात घेतली आणि मोडेना. पंचांनी तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा तो रडू लागला आणि रडत रडत त्याने ती मोडली. मला त्याची कीव आली, हेही लिहून ठेवतो. तो वाईट माणूस नव्हता. पोरीवर त्याचा जीव होता, आणि तो शुद्धीवर असता तर त्याने तिला फुलासारखी सांभाळली असती.

मग माझे काम. पेटी उघडली, सरसर लिहीत गेलो. उभयतांचे आपसात पटत नाही, सबब पंचांसमक्ष काडी मोडून फारकत दिली असे, आजपासून तू मुखत्यार, पाट लावशील तर माझी हरकत नाही. हौसा जवळ येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हते, पण माझ्या बोरूकडे पाहत होती.

"अण्णा, अफूचं लिवलं का?"

"ते लिहायचं नसतं, बाई. तुझ्याच भल्यासाठी सांगतो. कागद सोवळा असावा."

"बरं," ती म्हणाली.

कागद वाचून दाखवला. बांगडी काढून घेतली, नांगर काढून घेतला, पंचांच्या निशाण्या घेतल्या. पाटलांच्या घरी जेवून दुपारी गाडी जुंपवून परत निघालो. काम सुबक झाले होते आणि वाटेत मी त्याच खुशीत होतो.

साडेतीन वर्षे गेली. एके दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधीच एक बाई ओसरीच्या पायरीवर बसलेली दिसली. मी ओळखले नाही. तिने पदरातून कागद काढून पुढे केला. अक्षर माझेच होते.

"मी हौसा," ती म्हणाली. "मारुती दोन माणसं घिऊन आलता. चंपीला घिऊन गेला. म्हणला, कागदात हाय. पाटील आप्पांनी बी वाचला. म्हणले, बाई, कागद असाच हाय."

मी कागद उलगडला. शेवटून तिसरी ओळ. 'मूल अज्ञान सबब पाच वर्षांचे होईतोपर्यंत मातेपाशी राहील, पुढे पित्याने न्यावे, त्यास मातेने हरकत करू नये.' वडिलांच्या वहीतले कलम. मूल असले की ते यायचेच, जसे दस्ताच्या आरंभी श्री यायचे. मूल बापाचे असते हे कोणी कोणाला सांगत नसे. मीही ते लिहिताना वाचले नव्हते, हाताने लिहिले होते.

"अण्णा, ह्ये तुम्ही कवा लिवलं?"

"तेव्हाच. वाचून दाखवलं होतं की."

"मला काडी मोडल्याला आवाज आलता. त्याच्याम्होरलं काय बी ऐकू आलं न्हाय."

मी म्हटले, हरकत घेता येईल, वकिलाला विचारू, अमुक करू, तमुक करू. ती उठली. जाताना एवढेच म्हणाली, "त्याला पोर नको हाय, अण्णा. मी सुटल्यावर त्याची आई कमवून घालीत व्हती, ती बी मेली, घरात कमिवणारं कोण न्हाय. पोर न्हेली म्हंजी मागनं मी जाईन, ह्ये त्याला ठावं हाय. आणि मी गेले असते बी. पर मी वखारीला गेल्यावर ती पुन्ना त्याच्यापाशीच." शेजारचे दोन दस्तलेखक ऐकत होते. त्यांतला एक मला म्हणाला, "तुझं काय चुकलं? मायना तो मायना." मला ते ऐकून बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाजही वाटली.

पंधरवड्याने माझे निपाणीला काम निघाले. मारुतीचे घर विचारत गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. भर दुपारची वेळ. गल्लीत पोरे लगोरी खेळत होती, आरडाओरडा चालला होता. मारुतीच्या उंबऱ्यात पाच वर्षांची मुलगी उघड्या तोंडाने झोपली होती. तोंडावर माशा बसल्या होत्या. मी हाक मारली, "चंपा." मग खांद्याला धरून हलवले. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा मिटले. आत मारुती भिंतीला टेकून बसला होता. तो मोठ्या अगत्याने म्हणाला, "या अण्णा, बसा. पोर लई गुणाची हाय, कायबी त्रास न्हाय."

तिथून मी थेट आदगोंडा आप्पांकडे गेलो. त्यांच्या ओळखीचे एक वकील बेळगावला होते, त्यांना आम्ही दोघे जाऊन भेटलो. वकील म्हणाले, अज्ञान मुलाचा ताबा कुणाकडे असावा हे डिस्ट्रिक्ट कोर्ट ठरवते, मुलाचे हित कशात आहे ते पाहते, बाईच्या नावे अर्ज करू. पण दोन अडचणी आहेत. पहिली, कागदात अफूचा एक शब्द नाही. दुसरी, आईने स्वतः मूल द्यायचे कबूल केले आहे. मग ते माझ्याकडे वळले. "हे कलम बाईने सांगितले होते का?"

"नाही."

"बापाने?"

"नाही."

"मग पंचांनी?"

"कोणी नाही. ते मायन्यात असते."

"हे कोर्टात सांगाल?"

मी म्हटले, विचार करून सांगतो. वाचकांना हे सोपे वाटेल. दस्त लिहिणाऱ्याची सारी अब्रू एका गोष्टीत असते, की पक्षकाराने जे सांगितले तेच त्याने लिहिले. तेच एकदा खोटे ठरले की त्याच्या हातचा प्रत्येक कागद संशयाचा होतो. खरेदीखत खोटे, वाटणी खोटी. वडिलांच्या हातचेही. पाचव्या दिवशी होकार कळवला. यात शौर्य काही नव्हते. डोळे मिटले की उंबऱ्यातल्या माशा दिसत होत्या, म्हणून कळवला.

कोर्टाचे काम कोर्टाच्या चालीने चालले. तारखा पडत गेल्या. आठ महिने गेले आणि ते आठही महिने चंपा निपाणीत होती. शेवटी माझी साक्ष निघाली. सर्व्हिस मोटारीने बेळगावला गेलो. जन्मात प्रथमच पिंजऱ्यात उभा राहिलो. न्यायाधीश इंग्रज साहेब होते, शिरस्तेदार भाषांतर करून सांगत होते. मारुतीच्या वकिलाने विचारले, "हा दस्त तुम्ही वाचून दाखवला होता?"

"होय."

"कोणी हरकत घेतली?"

"नाही."

"मग कलम त्यांना मान्य होते."

"ते त्यांना कोणी विचारले नाही. मी विचारायला हवे होते. ते कलम माझे आहे. आमच्या वहीत आहे म्हणून लिहिले."

"मूल असलेल्या प्रत्येक सोडचिठ्ठीत हे असते?"

"असते."

"आणि एकाही पक्षकाराने ते तुम्हाला सांगितलेले नसते?"

"नसते."

"म्हणजे तुम्ही लिहिता ते दस्त पक्षकारांचे नसतात, तुमचे असतात!"

कोर्टात हशा पिकला. मी म्हटले, "या कलमापुरते, होय." साहेबांनी शिरस्तेदाराकडून ते दोनदा समजून घेतले आणि काहीतरी लिहिले. अफूचा उल्लेख का नाही, तेही विचारले. मी वडिलांची शहाणीव सांगितली. ती पारावर जेवढी शहाणी वाटत होती तेवढी तिथे वाटली नाही.

माझ्यानंतर आदगोंडा आप्पा उभे राहिले. त्यांनी पारावरची ती गोष्ट सांगितली. घाबरल्यामुळे सगळी कानडीत सांगितली, आणि शेवटी शब्द सापडेनात तेव्हा पासष्ट वर्षांच्या त्या पाटलांनी भर कोर्टात तोंड वर करून आ करून दाखवला. कोणी हसले नाही. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

पोर आईला मिळाली.

त्यापुढचे माझे दिवस माशा मारण्यात गेले. माझी साक्ष माझ्या आधी चिकोडीत पोचली होती. "ह्यो आपल्या मनचं लिवतोय" असे लोक म्हणू लागले. नवीन गिऱ्हाईक शेजारच्या सतरंजीवर बसायचे, जुने चोरून बघत पुढे जायचे. वर्षभराने थोडेसे सुधारले. वडिलांच्या वहीतले ते कलम मी खोडले नाही, त्यांच्या अक्षरावर रेघ ओढवेना. पण त्यानंतर मूल असलेली प्रत्येक सोडचिठ्ठी लिहिताना बोरू खाली ठेवून बाईला विचारू लागलो, मूल कुणाकडे राहायचे, किती दिवस. पुष्कळ बाया गांगरायच्या, कारण हे विचारायची गोष्ट आहे हेच त्यांना माहीत नसायचे. वेळ लागायचा. माझी पानसुपारीच्या आत कागद करण्याची कीर्ती गेली. पण त्याआधी जे कागद गेले त्यांतली किती मुले पाच वर्षांची झाल्यावर कुणाच्या दारात गेली, ते मला ठाऊक नाही आणि आता कळण्याचा मार्गही नाही. त्याचे मला वाईट वाटते. वाचनालयात येणाऱ्या एका वकिलांकडून परवा मी नवा कायदा वाचून घेतला. वेड, महारोग, टाकून जाणे, अशी कारणे त्यात आहेत. नशेचे मी दोनदा विचारले. नाही म्हणाले.

चंपा जगली. आज ती सदलग्याकडेच नांदते आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांच्या जिवाला घोर नको. पण पोर आईला मिळाली म्हणजे प्रकरण संपले असे कोर्टाला वाटले, मलाही वाटले, ते तसे नव्हते.

निकालानंतर आठवडा झाला असेल. हौसा ओसरीवर आली, चंपा तिच्या कडेवर. एवढी मोठी पोर कडेवर, कारण तिला चालवत नव्हते. अंग थरथरत होते, नाकाडोळ्यांतून पाणी गळत होते, आणि ती एकसारखी कण्हत होती. आणल्या दिवसापासून पोटात काही ठरत नाही, झोप नाही, असे हौसाने सांगितले. दवाखान्यातून येत होती. डॉक्टरांनी कागद दिला होता आणि तो वाचून घ्यायला ती माझ्याकडे आली होती. चिकोडीत वाचणारे पुष्कळ होते. माझ्याकडेच का आली, ते मी विचारले नाही.

मी वाचला. आठ महिने पोरीच्या अंगात रोज अफू गेली होती. एकदम बंद केली तर पोर दगावेल, म्हणून डॉक्टरांनी ती कमी करत आणायला सांगितले होते. किती दिवस किती, याचे कोष्टक होते. ज्या वस्तूपायी तिने नवरा सोडला, ती आता तिला परवान्याच्या दुकानातून आणून आपल्या हाताने पोरीला भरवायची होती.

मी ते सांगितले. ती म्हणाली, "मीच द्यायची? पुन्यांदा?"

"डॉक्टर तसं म्हणतात."

"मग नीट सांगा. किती, कवा, समदं. चुकाया नगं."

कोष्टकातली मापे तिला कळण्यासारखी नव्हती. पेटीवर कागद ठेवून आम्ही दोघांनी ती धान्यात बसवली. पहिले पाच दिवस जोंधळ्याएवढी. मग पाच दिवस बाजरीएवढी. मग राळ्याएवढी, मग मोहरीएवढी, मग खसखशीएवढी. ती बोटांवर मोजत गेली, दोनदा म्हणून दाखवले, एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून म्हटले. यावेळी मी बोरू हातात धरला नव्हता. ती जे म्हणत होती ते नुसते ऐकत होतो.

"आन् ह्यो शेवटचा रकाना?"

"सव्विसाव्या दिवसापासून काही देऊ नये."

"तेवढं जरा मोठ्यानं वाचा, अण्णा. हिला बी ऐकू जाऊ द्या."

मी मोठ्याने वाचले. शेजारच्यांचे बोरू थांबले. चंपाने कण्हणे थांबवून माझ्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले. तिला बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

"आये, मग मला रडू आलं तर गं?"

हौसाने पदराने तिचे नाक पुसले.

"रड की," ती म्हणाली. "लागंल तेवढं रड. मी बसते ऐकत."